चिनी मातीची जुनी किटली: वय कसं ओळखावं, किंमत कशी ठरवावी

आत्या गेल्यावर तिचं गिरगावातलं बिऱ्हाड आवरताना माळ्यावरच्या ट्रंकेत एक टीपॉट सापडला. आमच्याकडे त्याला किटलीच म्हणायचे. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली, तोटीत कापसाचा बोळा, झाकण सुतळीने दांडीला बांधलेलं. "ब्रिटिशांच्या वेळची आहे, लाखाच्या खाली देऊ नका," असं घरातल्या प्रत्येकाचं म्हणणं. मी ती उलटी धरली. तळावर बारीक लाल अक्षरांत छापलं होतं: 'मेड इन ऑक्युपाइड जपान'.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपान दोस्तराष्ट्रांच्या ताब्यात होता आणि एप्रिल १९५२ मध्ये ती राजवट संपली. हे शब्द १९४७ ते १९५२ या काळातल्या निर्यातीच्या मालावर येतात. आत्याचं लग्न १९५१ चं. वयाचा प्रश्न एका ओळीत सुटला. किंमत मात्र लाखाच्या जवळपासही नव्हती. वय आणि किंमत हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे मला त्या किटलीने शिकवलं. म्हणून खाली आधी वय पाहू, मग किंमत.

हात लावण्यापूर्वी

टेबलावर जाड टॉवेलची घडी पसरा. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. झाकण आधी काढून बाजूला ठेवा, कारण उलटी करताना पहिल्यांदा तेच निसटतं. किटली दांडीला धरून उचलू नका. दांडी पूर्वी कधीतरी चिकटवलेली असेल तर ती हातात येईल आणि बाकीची फरशीवर जाईल. पोटाला दोन्ही तळव्यांचा आधार द्या. टॉर्च, भिंग, मोजपट्टी आणि फोनचा कॅमेरा, एवढं सामान पुरतं. धुवायची असेल तर कोमट पाणी आणि मऊ कापड वापरा. सोनेरी रेघेवर घासणी किंवा चिंच-लिंबू चुकूनही लावू नका, सोनं निघून जातं.

माती कुठली, ते आधी ठरवा

जो तो आधी तळाचा शिक्का वाचतो. आता मी तो शेवटी वाचते. शिक्का कुणीही मारू शकतो, पण मातीची नक्कल करणं तितकं सोपं नाही.

खोलीत अंधार करा आणि पेटलेला टॉर्च किटलीच्या आत धरा. उजेड अजिबात बाहेर आला नाही तर ती साधी पांढरी भाजकी माती किंवा दगडी भांड्याची माती. अशा भांड्यांच्या झिलईत, म्हणजे वरच्या काचेसारख्या थरात, केसासारख्या बारीक भेगांचं जाळं बऱ्याचदा दिसतं. उजेड बाहेर आला आणि पांढरा रंग थंड, किंचित निळसर-राखाडी वाटला, तर ते बहुधा चीन, जपान, जर्मनी किंवा फ्रान्सच्या घडणीचं पोर्सेलीन, म्हणजे उजेड पार जाऊ देणारी कडक चिनी मातीची घडण. पांढरा रंग सायीसारखा उबदार असेल आणि पलीकडे धरलेल्या बोटांची सावली दिसत असेल, तर ते बोन चायना.

बोन चायना या नावातच त्याची कृती आहे. इंग्लंडच्या स्टोक गावात जोसाया स्पोडने अठराव्या शतकाच्या अखेरीस ही कृती पक्की केली: निम्मी गुरांच्या हाडांची राख, उरलेल्यात चिनी माती आणि कॉर्नवॉलचा दगड. त्यामुळे बोन चायनाची किटली १७५० ची आहे असं कुणी सांगितलं तर तिथेच थांबा. युरोपात खरं कडक पोर्सेलीन पहिल्यांदा जर्मनीतल्या माइसेनच्या कारखान्यात होऊ लागलं, १७१० पासून. चीनमध्ये ते त्याच्या कित्येक शतकं आधीपासून होत होतं.

आकारमान बघा

मोजपट्टी इथे लागते. अठराव्या शतकातल्या बऱ्याच किटल्या इतक्या लहान असतात की बघणाऱ्याला ते खेळण्यातलं भांडं वाटावं. चहा महाग होता आणि ब्रिटनमध्ये त्यावरचा कर ११९ टक्क्यांवर गेला होता. १७८४ च्या कायद्याने तो साडेबारा टक्क्यांवर आणला. चहा स्वस्त झाला, पिणारे वाढले आणि किटल्याही मोठ्या होत गेल्या. सहा कप चहा मावणारी किटली 'अठराव्या शतकातली' म्हणून कुणी दाखवली तर अंगाची बाकीची लक्षणं नीट तपासा.

आत टॉर्च टाकून तोटीच्या मुळाशी असलेली भोकं बघा. हाताने पाडलेली भोकं लहान-मोठी, ओळीतून सरकलेली असतात. सगळी अगदी एकसारखी असतील तर काम बहुधा अलीकडचं.

नक्षी भिंगाखाली

हाताने रंगवलेल्या फुलात कुंचल्याचा ओघ दिसतो. रंग सुरुवातीला दाट आणि शेवटाला पातळ होतो आणि दोन पाकळ्या कधीच तंतोतंत सारख्या नसतात. बोट फिरवलं तर झिलईवरचा रंग किंचित उंच लागतो.

कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून कागदावर आणि कागदावरून भांड्यावर नक्षी उतरवण्याची पद्धत इंग्लंडमध्ये १७५० च्या दशकात रुळली. अशा नक्षीत दांडीच्या किंवा तोटीच्या जवळ दोन कागदांचा सांधा सापडतो: एखादी फांदी अर्ध्यातच तुटते, किनारीची वेल जुळत नाही. हा दोष नव्हे, हाताने केलेल्या कामाची ती खूण आहे. भिंगाखाली रंगाचे एकसारखे बारीक ठिपके दिसले, वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे, तर ती बहुतेक विसाव्या शतकातली छपाई.

निळ्या विलोवृक्षाच्या नक्षीबद्दल इथेच सांगते, कारण ती बरीच दिसते: पूल, त्यावर माणसं, वर दोन पाखरं. ही नक्षी चिनी दिसते, पण ती इंग्लंडमध्ये रचली गेली आणि आजतागायत छापली जाते आहे. त्या नक्षीवरून वय सांगता येत नाही.

झीज खरी की घासून आणलेली

वापरलेलं भांडं ठराविक जागी झिजतं. अंगठा टेकतो तिथे दांडीवरचं सोनं गेलेलं असतं. झाकणाच्या कडेचं सोनं एका बाजूला जास्त जातं. तळाचं कडं टेबलावर सरकून मळकट, गुळगुळीत होतं. ही झीज कुठे जास्त, कुठे कमी अशी असते. सगळीकडे सारखे, एकाच दिशेचे ओरखडे असतील तर कुणीतरी पॉलिशपेपर फिरवला आहे.

आता शिक्का

इथे घाई करू नका. शिक्का नैसर्गिक उजेडात, तिरपा धरून वाचा आणि फोटो काढून मोठा करून बघा. कारखान्याच्या नावापेक्षा आजूबाजूचे बारीक शब्द वयाबद्दल जास्त सांगतात.

नुसता 'इंग्लंड' हा शब्द असेल तर भांडं बहुधा १८९१ किंवा नंतरचं. अमेरिकेने १८९० च्या जकात कायद्यात आयात मालावर देशाचं नाव लिहिणं सक्तीचं केलं आणि पुढच्या वर्षी ते अमलात आलं. 'मेड इन इंग्लंड' हे पूर्ण शब्द सहसा विसाव्या शतकातले. 'बोन चायना' हे शब्द छापलेले असतील तरी तेच. 'डिशवॉशर सेफ' असेल तर आजीच्या आजीची गोष्ट तिथेच संपली.

जपानी मालाचा क्रम सोपा आहे. १८९१ पासून 'निप्पॉन' (जपानचं जपानी नाव), मग अमेरिकेने ते नाव नाकारल्यावर १९२१ पासून 'जपान', युद्धानंतरची काही वर्षं 'ऑक्युपाइड जपान', पुढे पुन्हा 'जपान'.

इंग्रजी भांड्यांवर कधी चौकट म्हणजे पतंगाच्या आकाराची खूण दिसते. तिच्या टोकावरच्या गोलात रोमन चार असेल तर ती चिनी मातीच्या वर्गातली नोंदणी. ही खूण १८४२ ते १८८३ पर्यंत चालली आणि कोपऱ्यांतल्या अक्षरांवरून नोंदणीचं वर्ष काढता येतं. १८८४ पासून तिच्या जागी 'आरडी नं.' आणि पुढे आकडा आला. तो एकपासून सुरू झाला आणि १९०० सालच्या सुरुवातीला साडेतीन लाखांच्या पुढे गेला होता. मात्र ही नोंदणी नक्षीची किंवा आकाराची असते. तीच नक्षी कारखाना पुढे वीस वर्षंही काढत राहू शकतो. म्हणून आकडा 'याच्या आधीचं नाही' एवढंच सांगतो.

हीच चूक रॉयल अल्बर्ट या इंग्रजी कारखान्याच्या 'ओल्ड कंट्री रोझेस' या लाल-पिवळ्या गुलाबांच्या सेटबाबत सर्रास होते. तो १९६२ मध्ये बाजारात आला. शिक्क्यातलं १९६२ हे त्या नक्षीच्या हक्काचं वर्ष आहे, घडणीचं नव्हे. तो सेट अनेक दशकं निघत राहिला आणि पुढे उत्पादन इंडोनेशियात गेलं.

काही कारखान्यांनी वर्ष लपवूनच छापलं आहे. रॉयल वूस्टरने १८९२ पासून शिक्क्याजवळ दरवर्षी एक ठिपका वाढवायला सुरुवात केली, ते मोजायचे. मिंटनने १८४२ पासून प्रत्येक वर्षाला वेगळी चिन्हं वापरली, वेजवुडने १८६० पासून अक्षरांचा संकेत. वेजवुड नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'जी' आणि 'डब्ल्यू' यांच्यामध्ये 'ई' नाही. तो असेल तर तो वेजवुड वेगळा.

दोन शिक्के पाहून हुरळून जाऊ नका. एक, माइसेनच्या एकमेकांवर ठेवलेल्या निळ्या तलवारी. १७२० च्या दशकात सुरू झालेल्या या खुणेची नक्कल दुसऱ्या कारखान्यांनीही केली आहे. दुसरा, चिनी सम्राटांच्या नावाचे शिक्के. चीनमध्ये मागच्या राजवटीचं नाव आदराने नव्या भांड्यावर घालण्याची जुनी रीत होती आणि फसवण्यासाठीही ते घातलं जातं. नावावरून काळ ठरवता येत नाही.

डोळा तयार करायचा असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात एक दुपार काढा. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतली चिनी आणि जपानी भांडी तिथे आहेत. पुस्तकातल्या फोटोवरून पांढऱ्याच्या छटा कळत नाहीत, काचेआडून का होईना, समोर बघितल्यावर कळतात.

किंमत: आधी व्यंग शोधा

झाकण काढून किटली तळहातावर ठेवा आणि नखाने हलकी टिचकी मारा. पोर्सेलीन किंवा बोन चायनाची धड किटली खणकन वाजते. तिचा बद्द आवाज आला तर बहुधा कुठेतरी तडा आहे; साध्या भाजक्या मातीचा आवाज मुळातच बद्द असतो. टॉर्च पुन्हा आत धरा. तड्याची रेघ दिसेल आणि जिथे भर घालून रंगवलं असेल तिथे काळी सावली पडेल. तोटीचं टोक, झाकणाची मूठ, दांडीचे दोन्ही सांधे आणि झाकणाची आतली कड या जागांवर बोट फिरवा. खरी झिलई थंड आणि कडक लागते, दुरुस्तीचा रंग किंचित कोमट आणि मऊ.

झाकणाकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. मी एकदा एका जुन्या बाजारातून गुलाबी फुलांची इंग्रजी किटली घेतली होती. घरी आणून टॉर्च लावला तेव्हा अंग सायीच्या रंगाचं आणि झाकण निळसर दिसलं. झाकण दुसऱ्याच किटलीचं होतं, बसवल्यावर थोडं डुगडुगत होतं, एवढंच दुकानात जाणवलं होतं. तेव्हापासून झाकण उलटं करून आतला नक्षीचा क्रमांक किंवा रंगाऱ्याची खूण तळाशी जुळते का ते पाहते. मूळ झाकण नसलेल्या सामान्य किटलीला फारसं कुणी विचारत नाही.

सामान्य, असं मुद्दाम म्हटलं. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या सॉल्सबरीच्या लिलावात झाकण नसलेली, दांडी तुटून चिकटवलेली एक छोटी किटली कमिशनसह ५ लाख ७५ हजार पौंडांना गेली. विकणाऱ्याने ती १५ पौंडांना घेतली होती. तिच्यावरच्या ताडासारख्या झाडावरून आणि क्रौंच पक्ष्यांवरून ती जॉन बार्टलमची ठरली. हा कुंभार १७६० च्या दशकात अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनात गेला आणि तिथे पोर्सेलीन करू लागला. त्याच्या हातची पोर्सेलीनची मोजकीच भांडी ठाऊक आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने ती घेतली. दुर्मिळता अशी असेल तर तडे माफ होतात. पण असं क्वचित होतं, आणि ते ओळखण्यासाठी वर सांगितलेलं सगळं आधी यावं लागतं.

बाजारभाव कसा काढायचा

ऑनलाइन मागितलेली किंमत म्हणजे विकणाऱ्याची इच्छा. लिलावांच्या आणि विक्रीच्या संकेतस्थळांवर 'विकलेल्या वस्तू' असा पर्याय असतो, तिथे तोच कारखाना, तीच नक्षी, तोच आकार आणि तशीच अवस्था शोधा. पाच-सहा विक्रींचे आकडे काढा, सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा सोडून द्या. व्यापारी तुम्हाला त्याहून बराच कमी देईल. त्यात लबाडी नाही, त्याला दुकान चालवायचं असतं. विम्यासाठी काढलेली किंमत उलट जास्त असते, ती विक्रीची समजू नका.

पूर्ण सेट असेल तर फोडू नका. पण सेटमधली किटली एकटी उरली असेल तर तिला कप-बश्यांपेक्षा मागणी असते, कारण कप सहा असतात आणि किटली एकच.

किटली शंभर वर्षांहून जुनी आणि भारतात आहे असं वाटलं, तर परदेशी गिऱ्हाइकाला पार्सल करण्याचा विचार मनातून काढा. १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली खाजगी माणसाला पुरावशेष देशाबाहेर पाठवता येत नाही. वय शंभरच्या आतलं असेल पण संशय येईल असं दिसत असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला आधी घ्यावा. लंडनला किंवा न्यू जर्सीला राहणाऱ्या मंडळींना तिथल्या जुन्या सामानाच्या दुकानांतून घेतलेल्या वस्तूंसाठी ही अडचण नाही.

लिलावगृहाला मत विचारायचं तर सहा फोटो पाठवा: दोन्ही बाजू, वरून झाकणासह, झाकण उलटं, तळ, शिक्का जवळून. शिवाय असलेल्या प्रत्येक टवक्याचा वेगळा फोटो. व्यंग लपवलं तर मत चुकीचं येतं आणि तुमचाच वेळ जातो.

जुन्या किटलीत रोज चहा करायचा मोह आवरा. जुन्या झिलईत आणि रंगांत शिसं असू शकतं आणि चिकटवलेली दांडी उकळत्या पाण्याने सुटते.

आत्याच्या किटलीला मी विकत घेणारा शोधला नाही. सुतळी सोडून झाकण आत वेगळं गुंडाळलं आणि एका चिठ्ठीवर लिहून ठेवलं: जपान, १९४७ ते १९५२, लग्नातली, तोटीला तांदळाएवढा टवका, झाकण मूळचं.