कोर्टाची पायरी न चढता

कपाटं करून देणाऱ्या सुताराने काम अर्धवट टाकलं आणि फोन उचलणंच बंद केलं. कोर्टात जायची ना ताकद होती, ना हौस. हातात एकच गोष्ट होती: शेवटचा ३० टक्के हप्ता मी अजून दिला नव्हता.

आधी फोटो काढले. मग पत्र पाठवलं: '१० दिवसांत काम पूर्ण करा, नाहीतर करार रद्द करून दुसऱ्याकडून करून घेईन आणि जादा खर्च तुमच्या हप्त्यातून वळता करीन.' ही मुदत फार मोलाची. आंतरराष्ट्रीय मालविक्रीच्या १९८० सालच्या व्हिएन्ना करारातही जादा मुदत देण्याची आणि पर्यायी खरेदीतला फरक मागण्याची सोय आहे.

अकराव्या दिवशी दुसरा सुतार लावला. दोन लेखी दर मागवून, वाजवी तोच. फरक कापून उरलेले पैसे हिशेबासकट पहिल्याला पाठवले. सगळाच हप्ता गिळला असता, तर करार मोडणारा मीच ठरलो असतो.

त्याची हत्यारं माझ्याकडे राहिली होती. अडकवून ठेवायचा मोह झाला (खोटं कशाला बोलू!), पण करारात तसा हक्क नव्हता. परत दिली. त्याने ती मुकाट नेली, हिशेबावर सहीही केली.