गार्नेट-बायोटाइट जोडीवरून खडकाचे तापमान आणि दाब कसे काढावेत

रूपांतरित खडक कोणत्या तापमानाला आणि दाबाला घडला, याची नोंद त्यातील खनिजांच्या रासायनिक घटनेत राहते. ती वाचायला शिकताना गार्नेट (कठीण, बहुधा लालसर खनिज) आणि बायोटाइट (काळा अभ्रक) दोन्ही असलेला शिस्ट, म्हणजे पापुद्र्यांचा रूपांतरित खडक, घेणे सर्वांत सोयीचे. तापमान वाढते तसे गार्नेटमध्ये मॅग्नेशियम अधिक शिरते आणि लोह बायोटाइटकडे जाते. या अदलाबदलीत घनफळ फारसे बदलत नसल्याने तिच्यावर दाबाचा प्रभाव अल्प असतो.

आकडेमोडीआधी खनिजांवर मोजमापाचे बिंदू निवडावे लागतात, आणि खरे कसब तिथेच लागते. पॉलिश केलेल्या पातळ छेदात इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबने (इलेक्ट्रॉनांचा झोत टाकून सूक्ष्म बिंदूची रासायनिक घटना मोजणारे यंत्र) गार्नेटच्या गाभ्यापासून कडेपर्यंत ओळीने मोजमापे घ्यावीत. मँगनीज गाभ्यात जास्त असून कडेकडे घटत गेले असेल, तर वाढीची नोंद बहुधा शाबूत आहे. पण अगदी कडेला ते पुन्हा वाढले असेल, तर खडक थंड होताना गार्नेटचा काही भाग झिजला आहे, आणि ती कड व तिला चिकटलेला बायोटाइट यांच्यावरून कमाल तापमान मिळणार नाही. अशा वेळी कडेच्या किंचित आतला, मँगनीज सर्वांत कमी असलेला भाग घ्यावा आणि बायोटाइट गार्नेटपासून दूरचा निवडावा.

मायक्रोप्रोबने दिलेल्या ऑक्साइडांच्या टक्केवारीवरून अणूंची संख्या काढताना गार्नेटसाठी 12 आणि बायोटाइटसाठी 11 ऑक्सिजन धरावेत. गार्नेटमधील धनायनांची (धातू व सिलिकॉन यांच्या अणूंची) बेरीज 8 च्या जवळ येत नसेल, तर ते विश्लेषण बाद करावे.

फेरी आणि स्पिअर यांच्या 1978 च्या सूत्रानुसार गार्नेटमधील मॅग्नेशियम-लोह गुणोत्तराला बायोटाइटमधील त्याच गुणोत्तराने भागावे. समजा उत्तर 0.15 आले. त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम उणे 1.897 आहे, तो 0.782 मधून वजा केल्यास 2.679 उरतात, आणि 2109 ला त्याने भागले की 787 केल्विन, म्हणजे 514 अंश सेल्सिअस मिळतात. सूत्राचे हे रूप सुमारे 2 किलोबार दाबासाठी आहे (1 किलोबार म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे हजारपट). 5 किलोबार धरले तरी उत्तर दहा-अकरा अंशांनीच वाढते. याउलट भागाकार 0.15 ऐवजी 0.20 आला, तर तापमान थेट 609 अंशांवर जाते. गार्नेटमध्ये कॅल्शियम किंवा मँगनीज बरेच असल्यास सुधारित सूत्र वापरावे.

दाबासाठी खडकात प्लॅजिओक्लेज (सोडियम-कॅल्शियमयुक्त फेल्डस्पार) हवा. त्यातील ॲनॉर्थाइटपासून (कॅल्शियमयुक्त घटक) ग्रॉस्युलर (गार्नेटमधील कॅल्शियमयुक्त घटक), कायनाइट आणि क्वार्ट्झ बनताना घनफळ बरेच घटते, त्यामुळे ही अभिक्रिया दाबाला संवेदनशील आहे. ती तापमानालाही बांधलेली असल्याने तिची आणि गार्नेट-बायोटाइट सूत्राची अशा दोन्ही रेषा तापमान-दाबाच्या एकाच आलेखावर काढून छेदनबिंदू घ्यावा, आणि तो साधारण 50 अंश व 1 किलोबार इकडेतिकडे असू शकतो, हे उत्तरासोबत लिहावे. शेवटी तो छेदनबिंदू अँडालुसाइट, कायनाइट आणि सिलिमनाइट (एकाच रासायनिक घटनेची तीन खनिजे) ज्या तापमान-दाबाला स्थिर असतात त्या क्षेत्रांशी ताडून पाहावा: छेदात केवळ कायनाइट दिसत असताना बिंदू सिलिमनाइटच्या क्षेत्रात खोलवर पडला, तर सूत्र बदलण्याआधी मोजमापासाठी निवडलेले बिंदू पुन्हा तपासावेत.