लंबक शिकवताना आधी दोरा, मग झोपाळा

सातवीत लंबकाचा धडा आला की मुलं व्याख्या पाठ करतात आणि मोजायचं राहून जातं. दोऱ्याला दगड बांधून खिळ्याला टांगा. खिळ्यापासून दगडाच्या मध्यापर्यंत 25 सेंटिमीटर ठेवा. झोका लहानच द्या. दगड एका टोकापासून निघून परत तिथेच आला की एक आंदोलन. एकच आंदोलन मोजू नका, 10 मोजा आणि एकूण वेळेला 10 ने भागा; स्टॉपवॉच दाबायला होणारा उशीर त्यात विभागला जातो. उत्तर येईल साधारण 1 सेकंद. लांबी 1 मीटर केली की 2 सेकंद. लांबी चौपट, वेळ फक्त दुप्पट!

आता जड दगड बांधा, पण आधी वेळ बदलेल का याचा अंदाज मुलाला सांगायला लावा. वेळ तीच राहते. बहुतेक जण चुकतात, आणि ते चुकणं फार मोलाचं आहे.

वडोदऱ्यात आपल्यापैकी बऱ्याच घरांत झोपाळा असतो. त्यावर आधी मुलाला एकट्याला, मग आजोबांसोबत स्वस्थ बसवा, पायाने रेटा न देता. वेळ जवळपास तीच येते. कड्या 2 मीटर असतील तर 10 आंदोलनांना, 2 मीटर दोऱ्याच्या लंबकाला लागतात त्या 28 सेकंदांहून थोडे कमी लागतील, कारण बसलेल्या माणसाचा गुरुत्वमध्य, म्हणजे वजनाचा मध्यबिंदू, पाटाच्या वर असतो आणि लंबकाची लांबी तेवढी कमी भरते.