दोन अँप्लिफायर ऐकून पाहाचे? आधी मल्टिमीटर काढा
भाऊ, कोणता अँप्लिफायर चांगला हे नुसतं ऐकून ठरवू नका, जो जरासा मोठ्यानं वाजते तोच कानाले गोड लागते. मोटरपंपासाठी घरी मल्टिमीटर असतेच, तो एसी व्होल्टवर लावा, मोबाईलवरून १०० हर्ट्झचा टोन हळू आवाजात सोडा (साधं मीटर वरच्या फ्रिक्वेन्सीले गडबडते) अन् स्पीकरच्या लाल-काळ्या टर्मिनलवर पिना टेकवा. एकावर १ व्होल्ट अन् दुसऱ्यावर १.१२ दिसला म्हणजे १ डेसिबलचा (आवाज मोजाचं माप) फरक झाला न बाप्पा! व्हॉल्यूम फिरवून दोन्ही सारखे करा. मग पोराले वायरी बदलाले लावा, अँप बंद करूनच बरं, अन् तुम्ही अँपकडे पाठ करून बसा, कोणता वाजते ते ओळखा. मले तर १० पैकी ५ वेळाच ओळखू आला, म्हणजे नुसता अंदाजच.