परदेशातल्या टीमबरोबर प्रोजेक्ट करताय? या चुका टाळा

बडोद्यातून जर्मनी-अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांबरोबर ऑनलाइन प्रोजेक्ट करणाऱ्या मुलांना मी काही वर्षं मदत करते आहे. दर सत्रात त्याच चुका होतात आणि दर वेळी मला तितकाच त्रास होतो.

पहिली घड्याळाची. आपलं घड्याळ वर्षभर हलत नाही, त्यांचं हलतं: उन्हाळ्यासाठी तासभर पुढे, हिवाळ्यासाठी पुन्हा मागे. एका गटाने सप्टेंबरात ठरवलं, दर मंगळवारी संध्याकाळी साडेसात. तेव्हा जर्मनीत दुपारचे चार, न्यूयॉर्कला सकाळचे दहा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपची घड्याळं तासभर मागे गेली. त्या मंगळवारी जर्मन मुलं त्यांच्या चारलाच आली, म्हणजे आपल्या साडेआठला. तोवर बाकीचे उठून गेले होते. पुढच्या रविवारी अमेरिकेचंही घड्याळ मागे गेलं, आणि त्या मंगळवारी साडेसातला आपली चौघं एकटीच. एकाने रागाने ग्रुपवर लिहिलं, 'या लोकांना पडलेलीच नाही.' मेसेज पुसला, पण तिकडे तो वाचला गेला होता. नंतर कितीतरी दिवस तिकडून कामापुरतीच उत्तरं यायची.

मी आता आमंत्रण कॅलेंडरमधूनच, भारतीय वेळेला बांधून पाठवायला लावते. घड्याळ हललं की तिकडे बदललेली वेळ आपोआप दिसते. शिवाय आदल्या दिवशी तिन्ही वेळा हाताने लिहून कळवायच्या. मार्चमध्ये अमेरिका दुसऱ्या रविवारी पुढे जाते, युरोप शेवटच्या, तेव्हा पुन्हा हाच घोळ.

दुसरी चूक मला जास्त लागते. मीटिंग संपली की आपली मुलं वेगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुजराती-मराठीत सगळं ठरवून मोकळी होतात. शहरातल्या नद्यांवरच्या प्रोजेक्टमध्ये विश्वामित्रीतल्या मगरींचा भाग असाच रात्री गाळला गेला. एक जर्मन मुलगी पुढे चार दिवस त्याच भागावर काम करत होती! 'मॅडम, इंग्रजीत लिहायला वेळ जातो' हे मी ऐकून घेत नाही. आपल्या भाषेत खुशाल भांडा, पण काय ठरलं त्याच्या दोन ओळी त्याच रात्री सामाईक फाइलमध्ये गेल्या पाहिजेत.

तारीख 03/04 अशी लिहू नका, अमेरिकेत ती 4 मार्च होते. महिना अक्षरांत लिहा.

उत्तरायणाचे, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांचे, 14 आणि 15 जानेवारी अख्खं बडोदं गच्चीवर असतं, हे डिसेंबरातच कळवा. त्यांच्या नाताळात फाइल मागू नका.

आणि 'प्रस्तावना तुमची, सर्व्हे आमचा' असे तुकडे वाटून शेवटच्या रात्री चिकटवलेला अहवाल मी परत पाठवते. प्रत्येक भागावर निदान दोन देशांतल्या मुलांची नावं असतील, तरच वाचायला घेते.