सॅटेलाइट रेडिओ तुटतोय? नवा अँटेना घेण्याआधी या चुका टाळा

अमेरिका-कॅनडातल्या बऱ्याच गाड्यांत सिरियस-एक्सएम, म्हणजे वर्गणी भरून ऐकायचा उपग्रहावरचा रेडिओ, बसवूनच येतो. गाणं मध्येच तुटायला लागलं की लोक लगेच नवा अँटेना मागवतात. पुष्कळदा ते पैसे वाया जातात, कारण स्क्रीनवर काय लिहून आलंय ते कोणी वाचलेलंच नसतं.

'चेक अँटेना' आलं तर संशय वायरवर किंवा सुटलेल्या कनेक्टरवर घ्या. 'नो सिग्नल' असेल तर वायर बहुधा शाबूत आहे, अँटेनाला आकाश दिसत नाहीये. मोजकेच चॅनेल गेले असतील, तर मामला सबस्क्रिप्शनचा. त्यासाठी कंपनीकडून रिफ्रेश सिग्नल, म्हणजे रेडिओला सबस्क्रिप्शन पुन्हा कळवणारा संदेश, मागवायचा, पण गाडी उघड्यावर आणि रेडिओ चालू ठेवून. बंद गॅरेजमध्ये बसून चार-चार वेळा रिफ्रेश मागवणारे महाभाग आहेत. तो सिग्नलही उपग्रहावरूनच येतो, हे त्यांच्या लक्षातच येत नाही!

हे प्रक्षेपण साधारण 2.3 गिगाहर्ट्झवर चालतं. त्याला काँक्रीट, डोंगर, दाट ओली झाडी भेदता येत नाही. त्याचे भूस्थिर, म्हणजे जमिनीवरून एकाच जागी दिसणारे, उपग्रह विषुववृत्ताच्या वर, सुमारे 36,000 किलोमीटरवर असतात. म्हणून या देशांतून ते दक्षिणेकडे दिसतात, आणि जितकं उत्तरेला जावं तितके क्षितिजाकडे झुकतात. दक्षिणेला उंच इमारत किंवा कडा असेल, तर डोक्यावर निरभ्र आकाश असूनही रेडिओ गप्प बसू शकतो. त्यामुळे आधी गाडी मोकळ्या मैदानात नेऊन पाहा. तिथे नीट वाजला तर काही उघडायची गरज नाही. शहरात जमिनीवरचे रिपीटर, म्हणजे तेच प्रक्षेपण पुन्हा पाठवणारे मनोरे, हात देतात, घाटातल्या जंगलात ते नसतात. छोटा पूल सहसा जाणवत नाही, कारण रिसीव्हर काही सेकंदांचा आवाज साठवून ठेवतो. लांब बोगद्यात मात्र इलाज नाही.

अँटेना वेगळा आणून बसवत असाल तर डॅशबोर्डवर ठेवू नका. तिथे अर्धं आकाश छताखाली झाकलं जातं, आणि काचेवर धातूचा थर असेल तर उरलेलंही. जागा छतावरच, कडेपासून आणि सामानाच्या कॅरियरपासून वीतभर तरी दूर. खाली पत्रा हवा, तो सिग्नल पकडायला मदत करतो. वायर दाराच्या बिजागरीतून नेलीत तर ती कधीतरी चिमटणारच. रबरी सीलखालून न्या, आणि उरलेली वायर कापू नका, सैलसर गुंडाळून ठेवा. हिवाळ्यात अँटेनावरचा ओला बर्फ झटकायचा, एवढंच.

खरखर येत असेल तर उपग्रहाला दोष देऊ नका. हा डिजिटल सिग्नल आहे: वाजतो किंवा गप्प होतो, खरखरत नाही. खरखर बहुतेक वेळा रिसीव्हर एफएम ट्रान्समीटरवरून, म्हणजे आवाज एखाद्या एफएम फ्रीक्वेन्सीवर पाठवून, गाडीच्या स्टिरिओला जोडल्यामुळे येते. जवळचं एखादं स्टेशन त्याच फ्रीक्वेन्सीवर आदळत असतं. रिकामी फ्रीक्वेन्सी शोधा, किंवा रिसीव्हरपासून स्टिरिओपर्यंत सरळ ऑक्स (ऑडिओ) वायर लावा.