गाडीला एलईडी लावताय? आधी फ्यूज आणा

टूरिंगच्या मोटरसायकलला खालून उजेड द्यायचा, म्हणजे इंजिनच्या दोन्ही बाजूंनी, बॅशप्लेटच्या (इंजिनखालच्या संरक्षक पत्र्याच्या) आतून, सीटखालून एलईडीची पट्टी फिरवायची. हे काम घरच्या घरी होतं. एक सुट्टीचा दिवस पुरतो. पण टाकी उतरवून, सीट काढून, पॅनल अंगणात पसरून बसल्यावर सामान आठवत बसलात तर दिवस जातो आणि मग घाईत नेमकी महत्त्वाची गोष्ट राहते. माझी गेल्या खेपेला राहिली होती. म्हणून हे सगळं आदल्या दिवशीच वाचा, आणि सामान समोर मांडल्याशिवाय एकही स्क्रू सोडू नका.

पहिली वस्तू फ्यूज. पट्टीच्याही आधी. वायरसकट मिळणारा वॉटरप्रूफ फ्यूज होल्डर, त्यात बसणारा ब्लेड फ्यूज, आणि त्याच मापाचे दोन-तीन जादा. दुकानात पट्टीचं पाकीट घेतलं की सोबत रिमोट येतो, कंट्रोलर येतो, टाय येतात, दुहेरी टेप येते. फ्यूज बऱ्याचदा येत नाही. विचारलं तर “एवढ्याशा लाइटला फ्यूज कशाला?” असं ऐकायला मिळतं. लाइट एवढासाच असतो हो, पण त्या वायरच्या दुसऱ्या टोकाला बॅटरी असते. शॉर्ट झाला तर बॅटरी पट्टीचा वॅटेज बघत नाही, असेल नसेल तेवढा सगळा करंट त्या बारीक वायरीतून ढकलते. फ्यूज पट्टीसाठी नसतो, वायरसाठी असतो. एवढं एक वाक्य डोक्यात बसलं तरी हे लिहिल्याचं चीज झालं.

किती अँपिअरचा? हिशोब सोपा आहे. रंग बदलणारी ५०५० जातीची, मीटरला ६० एलईडी असलेली पट्टी मीटरमागे साधारण १४.४ वॅट खाते, म्हणजे १२ व्होल्टला १.२ अँपिअर. गाडीला सगळी मिळून दोन मीटर लागली तर २.४ अँपिअर. गाडी चालू असताना व्होल्टेज १४ च्या आसपास असतं, त्यामुळे थोडं वर धरा. ५ अँपिअरचा फ्यूज, फिकट तपकिरी रंगाचा, बास. घरात पडलाय म्हणून निळा १५ चा घालू नका. फ्यूज उडायच्या आधी वायर वितळेल, मग तो असून नसल्यासारखाच.

आता पट्टी. एकाच रंगाची घ्यायची की रिमोटवाली, ते तुमच्या हौसेवर. मला एकच रंग, फिकट पिवळसर पांढरा, आवडतो. इंजिनच्या फिन्सवर त्याचा उजेड पडला की धातू धातूसारखा दिसतो. पण कुठलीही घ्या, पाण्याचं बघून घ्या. आयपी हा धूळ-पाणी कितपत अडतं ते सांगणारा नंबर: आयपी ६५ म्हणजे वरून सिलिकॉनचा नुसता थर, आयपी ६७ म्हणजे पट्टी पूर्ण नळीत. आपल्याकडे गगनबावड्याचा पाऊस आहे, कोल्हापूर जिल्ह्यात सगळ्यात जास्त तिथंच पडतो, आणि टूरिंगवाला पावसाळ्यात बावड्याला जाणार नाही असं होत नाही. आयपी ६७ च घ्या. आणि एक लक्षात ठेवा: हे नंबर कंपनीतून आलेल्या अखंड पट्टीचे. तुम्ही कात्री लावलीत की तो नंबर संपला. १२ व्होल्टची पट्टी बहुतेक वेळा दर तीन एलईडींनंतर कापता येते, तिथं तांब्याचे ठिपके आणि कात्रीची खूण असते, तिथंच कापा. कापलेलं प्रत्येक टोक, वापरातलं असो की नसो, सिलिकॉनने बंद करा. सिलिकॉन न्यूट्रल लिहिलेलंच आणा. व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं जे स्वस्तातलं मिळतं, ते सुकताना आम्ल सोडतं आणि तांबं हिरवं पडतं. वरून छान बंद दिसतं, आत जॉइंट कुजत असतो.

रिले हवा, म्हणजे बारीक करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. साधा चार पिनांचा, १२ व्होल्टचा. रिले कशाला, थेट इग्निशनच्या वायरीला जोडू, असं म्हणणारे भेटतील. चालतंही, पण कंपनीच्या वायरिंगवर तुमचा लोड कशाला टाकायचा? रिलेच्या ३० नंबरला बॅटरीची प्लस, फ्यूजमधून (फ्यूजमधून!), ८७ वरून पट्टीकडे, ८५ अर्थला, ८६ ला इग्निशन ऑन केल्यावरच करंट येणारी वायर. म्हणजे चावी काढली की पट्टी आपोआप बंद. हे न करता थेट बॅटरीला आणि एका बटणावर भागवलं तर कधी ना कधी रात्री बटण चालू राहणार. ८ अँपिअर-अवरची बॅटरी असेल तर २.४ अँपिअरने कागदावर तीनेक तास निघतात. प्रत्यक्षात स्टार्टर त्याच्या बराच आधी नांगी टाकतो. पहाटे पाच वाजता आंबा घाटात लॉजच्या दारात गाडी ढकलण्यात काही मौज नाही.

रिमोटवाला कंट्रोलर असेल तर तो रिलेच्या पुढे, म्हणजे पट्टीच्या बाजूलाच बसवा. बॅटरीच्या बाजूला बसवला तर पट्टी बंद असतानाही तो रिमोटची वाट बघत थोडा थोडा करंट पीत राहतो. रंग बदलणाऱ्या पट्टीत आणखी एक गोम आहे. तिची प्लस सामायिक असते आणि कंट्रोलर मायनस बाजू चालू-बंद करतो. त्यामुळे लाल, हिरवी, निळी यातली कुठलीही वायर “अर्थच आहे” म्हणून चेसीला जोडायची नाही. जोडलीत तर तो रंग कंट्रोलरला न जुमानता जळत राहील आणि तुम्ही कंट्रोलर खराब म्हणून दुकानदाराशी भांडत बसाल.

बाकीचं सामान: मल्टिमीटर, हीट श्रिंक स्लीव (तापवली की जॉइंटवर आवळून बसणारी नळी), सोल्डर, नायलॉन टाय, कोरुगेटेड पाइप, आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना सुती कपडा. वायर ०.७५ चौरस मिलिमीटरची, तांब्याची. पाने-स्क्रूड्रायव्हर सांगायला नकोत.

आणि फ्यूज. पिशवीत आहे का बघा, आत्ता.

रंगाचं आधीच ठरवा, नंतर पोलिसांसमोर ठरवायची वेळ येऊ नये. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १०८ प्रमाणे गाडीच्या पुढच्या बाजूला लाल आणि मागच्या बाजूला लाल सोडून दुसरा दिवा दिसता कामा नये, इंडिकेटर, नंबरप्लेटचा दिवा असे अपवाद सोडून. लाल-निळा लुकलुकणारा प्रकार तर विचारातही घेऊ नका, तो अॅम्ब्युलन्सचा आणि पोलिसांचा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनाने बदल करायला मनाई करतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. म्हणून पट्टी अशी लावा की एलईडी स्वतः कुणाच्या डोळ्यात जाणार नाही, फक्त त्याचा उजेड इंजिनवर किंवा जमिनीवर पडेल. रस्त्यावर चालवताना बंद (रिमोटने, नाहीतर ८६ च्या वायरीत एक बटण घालून), थांबल्यावर चालू, ही सवय लावून घ्या. दाजीपूरच्या रस्त्याला तर पूर्ण बंद; तिथं गवे असतात, त्यांच्या रानात आपली रोषणाई नको. घाटातल्या धुक्यातही बंद, कारण धुकं तोच उजेड तुमच्या डोळ्यांत परत फेकतं.

आता काम. गाडी गार हवी. नुकतीच चालवून आणलेली असेल तर चहा पिऊन या. बॅटरीची आधी मायनस काढा, मग प्लस. उलटं केलंत आणि प्लस सोडवताना पाना चेसीला टेकला तर ठिणगी तिथंच. परत जोडताना आधी प्लस, शेवटी मायनस.

त्याच वेळी, बॅटरी उघडीच आहे तेव्हा, फ्यूज होल्डर बसवून टाका. बॅटरीच्या प्लसपासून वीतभराच्या आत. सोय म्हणून सीटच्या मागच्या टोकाला नको, हेडलाइटच्या मागे नको, रिलेच्या शेजारी नको. बॅटरीपासून फ्यूजपर्यंत जितकी वायर, तितक्या वायरीला काहीच संरक्षण नाही. फ्यूज होल्डर बसवायचा, पण आतला ब्लेड सगळ्यात शेवटी घालायचा, म्हणजे काम करताना वायरीत करंटच नसेल.

हे इतकं का घोकतोय ते सांगतो. टाकीखाली चेसीची एक कड असते, पत्रा दुमडलेली. माझी लाल वायर तिच्यावरून गेली होती, टाकी बसल्यावर वरून दाबली गेली आणि करूळ घाट चढेपर्यंतच्या थरथरीने तिचं आवरण तिळाएवढं घासलं गेलं. तेवढ्या तिळातून तांबं चेसीला लागलं. आधी जळक्या प्लास्टिकचा वास आला, मग टाकीच्या खालून पांढरा धूर. टाकी, आत पेट्रोल आणि खाली तापून लाल होणारी वायर. सीट उपटून बॅटरीची वायर ओढून काढली म्हणून गाडी आहे आणि मी आहे. पुढं बघितलं तर लाल वायरीबरोबर कंपनीच्या हार्नेसमधल्या (वायरींच्या जुडग्यातल्या) शेजारच्या वायरीही चिकटून एक झाल्या होत्या. पाच अँपिअरचा ब्लेड असता तर वायर टेकताक्षणी उडाला असता आणि मला कळलंही नसतं की लाइट का बंद झाले. पट्टी, कंट्रोलर, रिले, सगळं होतं. फ्यूज नव्हता.

तर वायर नेताना. टाकीखालून जाणारा प्रत्येक इंच कोरुगेटेड पाइपात. कुठल्याही कडेवरून नाही, सायलेन्सर आणि सिलिंडरपासून हातभर लांब, साखळीच्या बाजूला अजिबात नाही. हँडलजवळ वायर जात असेल तर हँडल डावीकडे लॉक, उजवीकडे लॉक, दोन्हीकडे ताण येतो का बघा. मगच टाय ओढा. मागच्या बाजूला असेल तर कुणालातरी सीटवर बसवून शॉकअप दाबून बघा. “भावा, बस जरा” म्हटलं की गल्लीतलं कुणीही बसतं. टाय घट्ट आवळू नका, वायर आत हलली पाहिजे पण लोंबली नाही पाहिजे. कंपनीचा हार्नेस कापायचा नाही, सोलायचा नाही. वॉरंटीत असेल तर कापलेली वायर दिसली की सर्व्हिस सेंटरवाल्याला नाही म्हणायला कारण मिळतं. बऱ्याच टूरिंगच्या गाड्यांना सीटखाली किंवा हेडलाइटच्या मागे अॅक्सेसरीसाठी रिकामा कनेक्टर येतो, ८६ ला लागणारा इशारा तिथून घ्या. एप्रिल २०१७ नंतरच्या गाड्यांना हेडलाइट कायम चालूच असतो, म्हणजे चार्जिंगवर तो भार आधीच आहे. फॉगलाइट, मोबाइल चार्जर, तापणाऱ्या ग्रिप्स आधीपासून लावल्या असतील तर पट्टी जोडायच्या आधी सगळ्यांचे वॅट मिळवून बघा. गाडी चालू, सगळं चालू, बॅटरीवर मीटर: साडेतेरा व्होल्टच्या खाली येत असेल तर काहीतरी कमी करा.

चिकटवायचं काम लोक सगळ्यात हलक्यात घेतात. रॉकेलने, पेट्रोलने पुसू नका, तेलकट थर राहतो. अल्कोहोलने पुसा, सुकू द्या, पुन्हा बोट लावू नका. नुसती पट्टीची टेप पुरत नाही. चांगली फोमची दुहेरी टेप घ्या आणि प्रत्येक टोकाला एक क्लिप किंवा टाय द्याच. दाबून बसवल्यावर २० मिनिटांत अशी टेप निम्मी धरते, २४ तासांत ९० टक्के, पूर्ण धरायला ७२ तास. म्हणजे आज लावून उद्या सकाळी गाडी धुवायची नाही. थंडीत पहाटे लावू नका, पत्रा गार असेल तर टेप धरतच नाही, दुपारी लावा. वायर पट्टीत शिरते तिथं आधी खाली एक झोळ द्या, पाणी वायरीवरून येऊन त्या झोळात गळून जाईल, जॉइंटमध्ये शिरणार नाही.

जॉइंट सोल्डर, वर हीट श्रिंक. नुसती पिळून टेप मारायची नाही.

मग फ्यूजचा ब्लेड घाला. ५ चा. बघून घाला.

चावी ऑन, लाइट लागले पाहिजेत. चावी ऑफ, गेले पाहिजेत. मग चावी ऑफ ठेवून मायनस काढा, मीटर मिलिअँपवर, मायनसच्या वायरीत मध्ये धरा. पट्टी लावायच्या आधी घेतलेलं रीडिंग आणि आत्ताचं एकच हवं. आधीचं घ्यायचं राहिलं असेल तर फ्यूज काढून एकदा घ्या. मीटर मध्ये असताना चावी ऑन करायची नाही, मीटरचा फ्यूज जाईल.

टाकी बसवताना खाली हात घालून वायर दबते का बघा. पॅनल, सीट, स्क्रू. एक चक्कर रंकाळ्यापर्यंत, परत येऊन टाकीखाली हात लावा, गरम लागतंय का. जादा फ्यूज टूलकिटमध्ये. पहिल्या लांबच्या राइडनंतर टाय, टेपच्या कडा आणि बॅटरीचे नट एकदा बघा, पावसाळ्याच्या आधी परत एकदा.